तीन दिवस चाललेली मॅच

अण्णा, परवा विंबल्डनला पाऊस आला आणि खेळ थांबला. मधला वेळ भरून काढायला त्यांनी एक जुनी मॅच लावली. मी शाळेतून येऊन चहा घेत बसले होते, आणि समोर तुमचा तो इंग्रज. तसाच नीटनेटका, भांग पाडलेला, पॉइंट मिळाला की मूठ आवळणारा. तिसरा सेट, सहा-शून्य. मी टीव्ही बंद केला, कप विसळला आणि तुम्हाला चार शब्द सुनावायचे म्हणून ही वही उघडली. तुम्ही होतात तेव्हा माझी हिंमत झाली नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, म्हणून तेव्हाही गप्प बसले. आता किती वर्षं झाली, आता बोलते.

देवळाली कॅम्पातल्या क्लबात तुम्ही मार्कर होतात. मी शिकवते त्या शाळेत कुणाला हा शब्द कळत नाही, समजावून सांगावं लागतं. सकाळी मुरमाच्या कोर्टावर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, दोरी ताणून चुन्याच्या रेघा ओढायच्या, आणि ज्या साहेबाचा जोडीदार आला नाही त्याच्यासमोर उभं राहून त्याला परतवता येईल असाच चेंडू द्यायचा. आजोबाही तिथेच मार्कर होते, खऱ्या साहेबांच्या काळात. ते अनवाणी खेळायचे, कारण बूट घालायची परवानगी नव्हती. हे तुम्हीच सांगायचात, आणि सांगताना तुमची छाती फुगायची. मला त्याचीच चीड यायची. कोण्या साहेबाने विलायतेला परत जाताना आजोबांना एक लाकडी रॅकेट दिली होती. तिची तार कधीच तुटून गेली होती, तरी ती देवांच्या फोटोंशेजारी टांगलेली असायची आणि आई दसऱ्याला तिलाही हळदकुंकू लावायची, तुम्ही लावायला सांगायचात म्हणून.

जून संपत आला की घरात तुमचा पंधरवडा सुरू व्हायचा. पेपरातून सगळ्या लढतींचा तक्ता कापून तुम्ही कपाटाच्या दाराला चिकटवायचात आणि ब्रिटिश नावांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ मारायचात. पाच-सहा नावं असायची. बुधवारपर्यंत त्यातली बहुतेक घरी गेलेली असायची, उरायचा तो एकटा. मग तुमचं सुरू, "यंदा घेतो बघ." शेजारचे रिटायर झालेले हवालदारकाका रोज मॅच बघायला यायचे ते निम्मे तुमची खेचायलाच. ते म्हणायचे, "मार्कर, इंग्रज जाऊन पन्नास साल झाली, तुला कोणी सांगितलं नाय का?" तुम्ही चिडायचात. "खेळ त्यांचा हाय. त्यांच्याच अंगणात त्यांनी एकदा जिंकू नाय का?" आपल्या दोन पोरांनी तिथे दुहेरी जिंकली तेव्हा क्लबात पेढे वाटले होते. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "दुहेरी ती दुहेरी." त्या पोरांना तुम्ही कधी तांबडी रेघ मारली नाहीत.

आणि तुमचा तो जागेचा नियम. तुमच्या इंग्रजाने समोरच्याची सर्व्हिस भेदली तेव्हा जो जिथे असेल त्याने तिथेच राहायचं. एकदा टायब्रेकच्या वेळी आई कणीक मळता मळता स्वयंपाकघराच्या दारात डोकावली, आणि नेमका त्याने पॉइंट घेतला. सेट संपेपर्यंत ती बाई दारात उभी, हाताला कणीक वाळलेली, आणि तुम्ही मागे न बघता हात वर करून, "हलू नको, हलू नको." हवालदारकाका हसून हसून खोकायला लागले, तर तुम्ही त्यांनाही दटावलंत. तेव्हा मीही हसले होते.

तुम्ही मला खेळायला शिकवलंत, हे नाकबूल करत नाही. साहेब लोक यायच्या आधी, सहाला, ओल्या कोर्टावर. सर्व्हिस तर अशी शिकवलीत की जिल्ह्यात माझ्या वयाची एकही मुलगी ती नीट परतवू शकायची नाही. पण माझी जिल्ह्याची फायनल तुम्ही बघितली नाहीत, कारण त्या दिवशी कुणा कर्नलसाहेबांना पार्टनर हवा होता. मी कप घेऊन आले तर तुम्ही म्हणालात, "बॅकहँडला पाय उचलतीस का अजून?" झालं कौतुक.

सोळाव्या वर्षी मला पुण्याच्या निवड चाचणीचं पत्र आलं. निवड झाली असती तर तिकडेच राहणं, तिकडेच कॉलेज, खेळ, सगळं. चाचणी रविवारी सकाळी नऊला. शनिवारी दुपारी दोनच्या एसटीने नाशिकरोडहून निघायचं, मावशीकडे मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. आणि आदल्याच दिवशी, शुक्रवारी, तुमच्या इंग्रजाची सेमीफायनल. पहिला सेट गेला, दुसरा कसाबसा आला. मग मी आईच्या शिलाई मशीनच्या स्टुलावर जाऊन बसले आणि त्याने तिसरा सेट सहा-शून्य घेतला. पंधरा-वीस मिनिटांत. समोरचा तो डावखुरा, नुसत्या सर्व्हिसवर जगणारा माणूस, वेड्यासारखा इकडेतिकडे बघत होता. तुम्ही एकदाही टीव्हीकडे बघून ओरडला नाहीत, माझ्याकडे बघत राहिलात. चौथ्या सेटच्या सुरुवातीला पाऊस आला आणि खेळ दुसऱ्या दिवसावर गेला.

शनिवारी माझी बॅग दारात. आईने धपाटे बांधून दिलेले. मी पायात चप्पल सरकवतेय आणि तुम्ही समोर येऊन उभे. मला अजून तो शर्ट आठवतो, कॉलरला चुना लागलेला.

"ताई, आज नको जाऊ. सकाळी पाचची गाडी धर."

"अण्णा, नऊला हजर राहायचंय."

"पोचतीस. थोडा उशीर झाला तर काय, लगेच कोण खेळवतंय?"

आई म्हणाली, "अहो, तिची मावशी वाट बघत बसेल. पोरीचं काय चाललंय आणि तुमचं काय!"

"पोरगी स्टुलावर बसली अन् सहा-शून्य झालं. तू बघितलं ना डोळ्यांनी?" तुम्ही हे आईला अगदी शांतपणे सांगितलंत, रोलर कुठे ठेवलाय ते सांगावं तसं. आणि मग मला म्हणालात, "एवढं एक कर माझ्यासाठी."

मी थांबले. तिकडे पाऊस थांबेना. चार तास आपण स्टुलावर, खाटेवर, खुर्चीत बसून कोर्टावर टाकलेली ताडपत्री बघत होतो. मधून एक माणूस छत्री घेऊन यायचा, ताडपत्री चाचपायचा आणि जायचा. शेवटी तासभर खेळ झाला. त्यात तुमच्या इंग्रजाने चौथा सेट घालवला, पाचव्यातही मागे पडला, आणि पुन्हा पाऊस. मी स्टुलावरून इंचभर हलले नव्हते. तुम्ही म्हणालात, "उद्या." माझ्या उद्याचं तुम्हाला भानही नव्हतं.

पाचची गाडी संगमनेरच्या पुढे घाटात अडकली, पुढे ट्रक आडवा झाला होता. मी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. टेबलाशी एक गृहस्थ कागद गोळा करत होते. चांगले होते बिचारे, माझं पत्र पूर्ण वाचलं. म्हणाले, "बाळा, नावं पाठवली गं. तू कालच येऊन का नाही राहिलीस?" काय सांगणार होते मी? बापाच्या इंग्रजासाठी स्टुलावर बसले होते? मी म्हटलं, गाडी बंद पडली. तशीच फिरले, परतीची गाडी धरली. धपाटे तसेच्या तसे.

संध्याकाळी घरी आले तर तुम्ही दारात. डोळे लाल. अण्णा, मला वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलं. तुम्ही म्हणालात, "हरला. पंधरा मिनिटांत संपलं. तू नव्हतीस ना."

आतून आई ओरडली, "आधी पोरीला विचारा तरी!"

"हां. तुझं काय झालं?"

मी म्हटलं, "नाही घेतलं." उशीर झाला म्हणाले नाही. तेवढंही तुम्हाला द्यायचं नव्हतं मला. तुम्ही मान हलवलीत, "बॅकहँड," म्हणालात. मी खेळले आणि कमी पडले, असंच तुम्ही शेवटपर्यंत धरून चाललात. दुसऱ्या दिवशी सहाला कोर्टावर हाक मारलीत, मी उठले नाही. पुढे कधीच उठले नाही. तुम्ही हवालदारकाकांना सांगत राहिलात, पोरीत जिद्द नाय. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत राहिले. आता शाळेत पीटी शिकवते, खो-खो आणि लेझीम. टेनिसचं कोर्ट शाळेत नाही आणि मी कधी मागितलंही नाही.

तुम्ही माझं आयुष्य एका परक्या माणसाच्या सेटपायी घालवलंत. नीट विचारही न करता घालवलंत, आणि वर माझ्यावरच ठपका ठेवलात. मी हे माफ केलेलं नाही. हे पत्र तुमच्या फोटोसमोर ठेवणार नाही, की तुमच्या तिथीला वाचणारही नाही. वहीतच राहील.

फक्त एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, आईलाही नाही. तुम्ही दारात "तू नव्हतीस ना" म्हणालात, तेव्हा मला राग आला, तो नंतर. आधी, बॅग खांद्यावर असतानाच, माझ्या तोंडाशी आलं होतं, "अण्णा, चुकलं माझं."