पगारवाढीचा माझा शास्त्रशुद्ध अभ्यास

३ जून
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. इतर नळ-कारखान्यांत पगार किती वेळा वाढतात आणि का, याचा रिपोर्ट हवाय. ऑफिसात एवढे लोक असताना हे नाजूक काम माझ्याकडे. म्हणजे यंदा आपली वाढ पक्की.
घरी जाहीर केलं, एक खोली जास्तीची असलेलं घर भाड्याने घ्यायचं. मुलगी दहावीला आणि अभ्यास स्वयंपाकघरात. तिनं लगेच भिंतीचा रंग निवडला. बायको म्हणाली, आधी वाढ हातात पडू दे. तिचा स्वभावच शंकेखोर.

७ जून
चार कारखान्यांना फोन. तिघांनी उडवून लावलं. चौथ्यानं विचारलं, आमच्याकडे येता का? बाणेदारपणे नाही म्हणालो.

१२ जून, दुपारी
रिपोर्ट दिला. पगार वर्षातून एकदा वाढतात. महागाई, नफा ही सांगायची कारणं. खरं कारण एकच: माणूस सोडून जाईल ही भीती. मालक म्हणाले, तुम्ही माझे डोळे उघडलेत.

१५ जून
मालकांच्या हुकमावरून सगळ्यांना फॉर्म वाटला. प्रश्न एकच: दुसरीकडे बोलावलं तर जाल का? स्टोअरकीपरनं लिहिलं, 'उद्याच.' पॉलिशवाल्यानं लिहिलं, 'आजच, जेवणाच्या सुट्टीनंतर.' खाल्ल्या मिठाला न जागणारी माणसं. मी लिहिलं, 'प्राण गेला तरी नाही.' मागच्या कोऱ्या बाजूला चौथ्या कारखान्याचा किस्साही सविस्तर दिला.

१६ जून
नव्या घराच्या मालकीणबाईंना कळवलं, एक तारखेला येतो.

२४ जून
पगारवाढीची पत्रं टाइप केली. स्टोअरकीपर, पॉलिशवाला, वॉचमनसुद्धा. गठ्ठ्यात माझं नाही. गोपनीय असणार, मालक स्वतः टाइप करत असतील.

२८ जून
अजून नाही. मालक एका बोटानं टाइप करतात. वेळ लागणारच.

२९ जून
शेवटी विचारलं. मालकांनी प्रेमानं पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुमच्याच रिपोर्टप्रमाणे वाढ जाणाऱ्याला थांबवायला द्यायची. तुम्ही तर जाणारच नाही. मग तुम्हाला कशाला? रिपोर्टात चूक शोधली, सापडली नाही. अभ्यास फारच पक्का झाला होता.

३० जून
नव्या घराच्या मालकीणबाईंना कळवलं, येत नाही. घरी सांगितलं. बायकोनं ओट्याचा कोपरा पुसून मुलीला जागा करून दिली. मुलगी पुस्तक घेऊन ओट्याशी बसली. फार वाईट वाटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, बाबा, खोटं लिहायचं होतं ना.
पोरीचं बरोबर आहे. पुढच्या वर्षी फॉर्मवर सरळ लिहायचं, 'जाईन.'
नको, मालकांना काय वाटेल? 'बघू' लिहावं.