भिक्षापात्रातली वडी

बँकॉक,
ता. ८ ऑगस्ट, बौद्ध संवत २५३९

चि. युफिन हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. फेचबुरीहून परतीचा प्रवास सुखाचा झाला, हे रीतीचे वाक्य लिहून टाकते आणि मुद्द्यावर येते. लुआंग फींच्या डाव्या पायाचा अंगठा मला मुळीच आवडला नाही. आपला थावोन चीवर घेऊन भिक्षू झाला, तेव्हापासून मीही धाकट्या भावाला ‘लुआंग फी’ म्हणते आणि अहोजाहो करते. पण राग आला की लेखणीतून ‘थावोन’च उमटतो, तो तू समजून घे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितले की रक्तातली साखर उतरली नाही, तर वर्षावास संपताच अंगठा काढावा लागेल. अनवाणी भिक्षेला जायचे, जखम रोज नव्याने उघडायची आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहार सोडून माझ्याकडे उपचाराला यायचे नाही. हे सारे मी समजू शकते. मला समजत नाही ते एवढेच की औषध वेळच्या वेळी, भात बेताचा, आणि तरीही साखर चढते. याचा अर्थ एकच: रोज सकाळी कोणीतरी त्यांच्या पात्रात गोड घालते आहे.

हल्ली जगभर आपल्या जेवणाचे गोडवे गातात. गवती चहा, कुलिंजन, लिंबाची पाने, तोंडल्याचा पाला, सगळे कसे प्रकृतीला उत्तम! आयुष्यभर मी हेच शिकवले आणि ते खोटे नाही. परंतु ते गुण एकेका पदार्थाचे नसतात. आंबट खारटावर पहारा ठेवते, तिखट गोडावर. मधल्या वाडग्यातून चौघांनी एकेक चमचा घ्यायचा, म्हणून माणसेही एकमेकांवर पहारा ठेवतात. भिक्षूच्या पात्रावर असा पहारा नाही. तेथे जो तो आपापल्या लाडाचा पदार्थ टाकून हात जोडतो, आणि भिक्षूने ‘हे नको’ म्हणायचे नसते.

माझा संशय लमियतवर आहे. कोपऱ्यावर तिचे मिठाईचे दुकान. थावोनने चीवर घेतले नसते, तर ती आज आपली भावजय असती. अशी बाई काही विसरत नाही. प्रत्येक घर पात्रात काय घालते ते पाहून मला कळव. फोन करू नकोस. फोनवर तू विषय बदलतेस ते ऐकू येत नाही, कागदावर दिसते.

कळावे. माझा लोभ आहेच, तो तुझ्या तपशिलाने वाढेल.
तुझी,
कन्निकाताई


फेचबुरी,
ता. १७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. वाचताना पाठ आपोआप ताठ झाली, शाळेत व्हायची तशी.

तू जाण्यापूर्वी गल्लीत जे व्याख्यान दिलेस, त्याचा धसका लोकांनी असा घेतला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच कारले रांधले. लुआंग फींच्या पात्रात पाच घरची कारली! पात्राचे झाकण लावताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, तो मी पाहिला. आता लोक जरा सावरलेत. सुतारकाकांकडून मिरीचे पाणीदार कालवण असते, शिक्षिकाबाईंकडून उकडलेला भोपळा, शिंपीणबाईंकडून तळलेला मासा. तळलेला नको असे मी सांगितले, तर त्या म्हणाल्या की तुझ्या ताईंना सांग, मासा पाण्यात राहतो म्हणून त्याला पाण्यातच शिजवायचा असा कायदा नाही.

लमियतवर उगीच आळ घेऊ नकोस. तिला मी आडून आडून विचारले. ती काही दूधखुळी नाही. हातातले ताट खाली ठेवून कमरेवर हात घेत म्हणाली की थावोनला साखरेनं मारायचं असतं तर लग्नच केलं असतं की गं, तीस वर्षं कशाला थांबले असते! मग हसली, आणि पाठ फिरवून बराच वेळ तेच एक भांडे पुसत राहिली. ती त्यांच्या पात्रात फक्त भात घालते, तोही मान वर न करता.

मला वाटते घोळ दुपारच्या पेयाचा असावा. मध्यान्हानंतर त्यांना जेवण चालत नाही, म्हणून गोकर्णाच्या फुलांचे निळे पाणी कोणीतरी आणून देते. त्यात पाक असणारच. इकडे हवा फार उकाड्याची आहे. तुझी कंबर कशी आहे?

कळावे. ओरडलीस तरी चालेल, लोभ कमी करू नकोस.
तुझी,
युफिन


बँकॉक,
ता. २९ ऑगस्ट

चि. युफिन हिस,
आशीर्वाद.

वि. वि. कंबर ठीक आहे. उकाडा इकडेही आहे. हे दोन विषय आता संपले.

निळ्या पाण्याविषयी मी विहाराच्या व्यवस्थापकांना लिहून विचारले. मी येऊन गेल्यापासून त्यात साखरेचा कणही पडत नाही, असे त्यांचे सविनय उत्तर आले. लमियतच्या बाबतीत माझा अंदाज चुकला असावा. तिच्या विनोदाने मी फसले नाही, पण पुसलेल्या भांड्याने माझे समाधान झाले.

यानंतर तुझे पत्र मी विद्यार्थ्याचा प्रबंध तपासावा तसे तपासले. सुतारांचे कालवण आले, शिक्षिकाबाईंचा भोपळा आला, शिंपीणबाईंचा मासा तर उद्धट उत्तरासकट आला. लुआंग फी ज्या दारी सर्वांत आधी थांबतात, ते दार मात्र तुझ्या पत्रात नाही. ते आपले दार आहे, युफिन.

आणखी एक. तुझ्या अंगणातल्या कुंड्यांत बदकाच्या अंड्यांची टरफले पसरलेली मी पाहिली होती. खत म्हणून ती उत्तमच. पण अंड्याने तुझ्या अंगावर गांध्या उठतात, लहानपणापासून. एवढी अंडी घरात कोण खाते? बदकाची अंडी, नारळाचे दूध आणि ताडगूळ एकत्र भाजून, वर तळलेला कांदा पसरून आपल्या गावात कोणती वडी करतात, हे सांगायला प्राध्यापिका लागत नाही.

मला यात भक्ती दिसत नाही. सख्ख्या भावाचा अंगठा कापायची वेळ आली असताना त्याला गोड भरवणे हा एकतर निर्बुद्धपणा आहे, किंवा ‘पाहा, घरात राहून भन्तेंची सेवा मीच करते’ असा मिरवण्याचा सोस आहे. यांपैकी कोणते, ते तूच लिही. थावोनलाही मी आजच विचारले आहे.

कळावे. लोभ उत्तरावर अवलंबून नाही, विश्वास आहे.
कन्निका


फेचबुरी, विहार,
ता. ७ सप्टेंबर

उपासिका कन्निका यांस,
धम्मवृद्धी असो.

आपले पत्र मिळाले. प्रश्न परीक्षेतल्यासारखे क्रमांक घालून विचारले आहेत, म्हणून पहिल्याचेच उत्तर देतो. बाकीचे त्यात येतील. होय, रोज एक वडी असते. कोण घालते ते मला ठाऊक आहे आणि मी ती जाणून खातो.

बाजूला काढून ठेवता आली असती. परंतु देणारी व्यक्ती विहारात येऊन खांबाशी बसते आणि माझा घास पूर्ण होईपर्यंत उठत नाही. तो गिळल्यावर तिचा चेहरा दिवसभराच्या कामाला लागतो. असा घास टाळायचा कसा, हे मला कोणत्याही सूत्रात सापडले नाही. तुमच्या पुस्तकांत असेल तर कळवा.

डॉक्टरांनी अंगठा काढण्याची तारीख वर्षावास संपल्यानंतरच्या सोमवारची धरली आहे. अंगठा माझा आहे. तिला बोलू नका. बोलून झाले असेल, तर पुढचे पत्र टाकण्यापूर्वी एक रात्र उशीखाली ठेवा.

आपले मंगल चिंतणारा,
लुआंग फी (तुमचा थावोन)


फेचबुरी,
ता. १२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निर्बुद्धपणा की सोस, असे विचारले होतेस. दोन्ही नाही. ती वडी लुआंग फींची नाही, माझ्या नुईची आहे.

तापाने गेला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. शेवटच्या दिवशी त्याने ही वडी मागितली होती, आणि डॉक्टरांनी नको म्हटले म्हणून मी दिली नाही. म्हटले, बरा झालास की भांडेभर करीन हं. तेव्हापासून करते आहे. आपल्यात गेलेल्या माणसाला जे आवडायचे ते भिक्षूच्या पात्रात घालतात, तेव्हा ते त्याला पोचते. तूही बाबांच्या श्राद्धाला त्यांचा आवडता बदकाचा रस्सा घालतेस. तेव्हा तुला त्यातली चरबी दिसत नाही.

दुसऱ्या भिक्षूला दे म्हणशील. देऊन पाहिली. त्यांनी ती न खाता ताटलीत तशीच सोडली, आणि त्या दिवशी मला सगळीकडे तो उपाशी दिसत राहिला. लुआंग फी त्याचा मामा आहेत. त्यांच्या मांडीवर बसून तो खायचा.

अंगठ्याचे मला कळत नाही असे तुला वाटते? रोज कढईसमोर उभी राहून मी ठरवते की आज करायची नाही. मग हात आपोआप नारळ फोडतात. तुझ्या आहारशास्त्रात मेलेल्या मुलांना काय द्यायचे ते लिहिले असेल तर सांग. कारले पाठवू का त्याला? सहा वर्षांच्या पोराला?

लोभ ठेवायचा की नाही ते आता तू ठरव.
युफिन


बँकॉक,
ता. २१ सप्टेंबर

प्रिय युफिन,

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी उत्तर लिहिले होते. ते फाडले. हे दुसरे आहे, आणि उशीखालून काढलेले आहे.

सवयीप्रमाणे तुझ्या म्हणण्यात मी दोष शोधत राहिले. पोचते की नाही यावर मी वाद घालणार नाही. बाबांच्या रश्श्याबद्दल तू बरोबर बोललीस. पोचते, असेच धरून चालले. तेव्हा तुझी चूक मला सापडली, आणि ती गंभीर आहे.

नुईला जाऊन तेरा वर्षे झाली. म्हणजे तो आता एकोणीस वर्षांचा आहे, आणि तू त्याला अजून सहा वर्षांचे पोर समजून भरवते आहेस.

या वयाची मुले मी जन्मभर शिकवली. त्यांना मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. आईने केलेली गोड वडी ती मित्रांसमोर मागे सारतात आणि लाजतात. त्यांना तिखट लागते. आंबवलेल्या जवळ्याचा असा ठेचा, की नाक गळले पाहिजे आणि तरी हार मानायची नाही. त्याच्याशी चौधारीच्या शेंगा, कोवळी वांगी, तोंडल्याचा उकडलेला पाला आणि भाजलेला बांगडा. एकोणीस वर्षांच्या मुलाला रोज गोड वडी देणारी आई त्याच्यावर माया करते हे खरे. पण तिने त्याला मोठे होऊ दिलेले नाही.

हे मी थावोनच्या अंगठ्यासाठी लिहीत आहे, असा संशय तुला येईल. तो रास्त आहे. मी अर्धे त्यासाठीच लिहीत आहे. उरलेले अर्धे खरे आहे का, ते तू त्याची आई म्हणून तपासून पाहा.

लोभ ठरवायचा नसतो. तो आहे.
तुझी,
ताई


फेचबुरी,
ता. १५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा मला इतका राग आला की पितरांच्या सणापर्यंत मी लिहायचेच नाही असे ठरवले होते. तुझा डाव मी ओळखला. तुझ्यासारखी संशयी मीही आहेच, एकाच आईच्या ना आपण.

मग एके दिवशी शिंपीणबाईंचा मुलगा सुट्टीला घरी आला. नुईच्याच वर्षी जन्मलेला. दारातून आत येताना त्याने मान वाकवली, चौकट लागते म्हणून. मी आत जाऊन बसले. नुईला चौकट लागेल हे माझ्या कधी मनातच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशीपासून वडी केली नाही. ठेचा केला. तुझ्या सूचनेबरहुकूम, नाक गळेल असा. बांगडा भाजला, चौधारी उकडली. लुआंग फींनी पात्रात पाहिले, मग नजर खाली ठेवण्याचा नियम मोडून सरळ माझ्याकडे पाहिले. विहारात पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. इतके तिखट कोणासाठी, असे त्यांनी विचारले. मी म्हटले की त्याचं वय आहे आता. त्यांनी सगळा संपवला, ठसकत ठसकत. लमियतला कळले तेव्हा ती म्हणाली की साखरेतून वाचवला नि मिरचीने मारताय वाटतं, आणि विहारात ताकासारखे काहीतरी पाठवते आहे. त्यात गोड नाही. मी चाखून पाहिले, तुझ्यासाठी.

साखर उतरू लागली आहे. डॉक्टरांनी सोमवारची तारीख पुढे ढकलली, रद्द केलेली नाही. जखमेची कड कोरडी पडते आहे म्हणतात.

आता एका गोष्टीत अडले आहे. भाताचा अंदाज येत नाही. सहा वर्षांच्या मुलाचा घास माझ्या हाताला ठाऊक होता, एकोणीस वर्षांच्याचा नाही. पळीभर घातला की कमी वाटतो, उपाशी उठेल वाटते. दोन घातले की लुआंग फींचा अंगठा डोळ्यांपुढे येतो. एवढ्या मोठ्या मुलाला पोटभर किती लागते, आणि त्यातले मामाला किती सोसते, ते तू नीट ताडून सांग. तू अशी मुले पाहिली आहेस. मला पाहायला मिळाली नाहीत.

उत्तराची वाट पाहते. लोभ जेवढा माझ्यावर आहे, तेवढाच त्याच्यावरही असू दे.
तुझी,
युफिन