प्रोसेसर बदलल्याशिवाय अहवाल नाही

३ मार्च
विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. गोदामात माल का खराब होतो, यावर वीस तारखेपर्यंत जो उत्तम अहवाल देईल त्याला खुर्ची, असं साहेबांनी जाहीर केलं. दावेदार दोन. मी आणि समोरच्या टेबलावरची चष्मेवाली. म्हणजे खरं तर एकच. मी अठरा वर्षं त्या गोदामाची धूळ खातोय, ती परवा आली. उद्यापासून रोज पाच पानं.

४ मार्च, सकाळी ७
लॅपटॉप सुरू व्हायला अकरा मिनिटं. तेवढ्यात दाढी झाली, चहा झाला, लिहायची इच्छा गेली. हे डबडं मेहुण्याने 'जवळजवळ नवं' म्हणून माझ्या गळ्यात मारलं. दोष प्रोसेसरचा आहे. तो बदलणं परवडेल का, याचा आधी शास्त्रशुद्ध अभ्यास. अहवाल नंतर.

८ मार्च
याच लॅपटॉपवर एकोणतीस व्हिडिओ बघितले. बायकोने विचारलं, किती पानं झाली? खोचक स्वभाव. म्हटलं, या प्रोसेसरवर लिहिणं अशक्य आहे. तर म्हणते, मग व्हिडिओ न अडकता कसे चालतात? असल्या प्रश्नांना उत्तर देऊन माणूस लहान होतो.

११ मार्च
दुरुस्तीवाल्याकडे गेलो. म्हणाला, याचा प्रोसेसर बोर्डावर सोल्डर केलेला आहे, बदलता येत नाही; रॅम वाढवा, आतून साफ करून घ्या, दोन तासांचं काम. चोर लेकाचा. मेहुण्याला फोन केला. तोही शब्दन्‌शब्द तेच बोलला. म्हणजे दोघांचं साटंलोटं आहे. बदलायचाच, आणि स्वतःच्या हाताने.

१४ मार्च
जुन्या बाजारात प्रोसेसर मिळाला. चकचकीत, भारदस्त. विकणाऱ्याने विचारलं, डेस्कटॉपला लावायचाय ना? मी हो म्हटलं. प्रत्येकाला योजना सांगत बसायची नसते.
चष्मेवाली आज गोदामात वही घेऊन फिरत होती. हाताने लिहिते! कीव आली.

१६ मार्च, सकाळी १०
रजा टाकली. चौदा स्क्रू काढले. पंख्याशेजारी, चिपवर राखाडी चिखल साचलेला. मेहुण्याचा गलथानपणा! फडक्याने लखलखीत पुसून काढला. नवा प्रोसेसर बसवायला जागाच नाही. जुना सुरीच्या टोकाने उचकटून पाहिला. निघेना. हरकत नाही, निदान सफाई झाली.

दुपारी १
अकरा स्क्रू बसले, तीन उरले. कंपन्या उगाच जास्त घालतात. सुरू केला. दोन मिनिटांत तापून बंद. आता चालूच होत नाही.

१९ मार्च
नाक मुठीत धरून दुरुस्तीवाल्याकडे. तो चिखल नव्हता म्हणे, चिप थंड ठेवणारी पेस्ट होती. सुरी कुठे घातली तेही त्याने ओळखलं. मी म्हटलं, बाकी मरू दे, माझा अहवाल वाचव. त्याने डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. बायको आणि मेहुणा मागे उभे. आग्रह करून आले होते.
'अहवाल', 'अहवाल अंतिम', 'अहवाल खरोखर अंतिम' अशा नऊ फाइली. त्याने एकेक उघडली. प्रत्येकीत एकच पान. वर मथळा, खाली माझं नाव. शेवटच्या फाइलीत नाव ठळक अक्षरांत, पुढे स्वल्पविराम, विभागप्रमुख.
मेहुणा काहीच बोलला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला त्याचा भयंकर राग आला.

२ एप्रिल
चष्मेवाली विभागप्रमुख झाली. आज तिने ऑफिसचा नवा लॅपटॉप स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवला. उपकार करायची हौस. म्हणाली, गोदामाबद्दल तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही, तेवढं लिहून काढा, सवडीने.
सकाळी नऊला बटण दाबलं. सहा सेकंदांत कोरं पान समोर.
आता पावणेसहा वाजलेत. पान कोरंच आहे. दिवसभर शोधतोय, पण शिव्या द्यायला कोणी सापडत नाही.