खळ्यातली तालीम

३ डिसेंबर
मधल्या सुट्टीत सहावीच्या वर्गातून बाईमाणूस रडल्याचा आवाज. धावतच गेले. पोरं गोल करून बसलेली आणि मधे रुपा, नवनीत पाटलांची. डोक्यावरून ओढणी घेऊन, मयतीच्या घरी बायका रडतात तशी रडत होती — "तुन्हा हातनी भाकर मले कोन देई वं माय..."
कोण गेलं गं? विचारलं. तर डोळे पुसत म्हणते, "कोनी नही बाई. खेळी ऱ्हायनूत."
अंगावर काटा आला. वीस वर्षं गॅदरिंग बसवतेय, असं पोर हाती लागलं नव्हतं. ओरडायला गेले होते, ते राहूनच गेलं.

७ डिसेंबर
एकपात्रीची जिल्हा स्पर्धा ११ जानेवारीला, नंदुरबारला. रुपाचं नाव देऊन टाकलं आणि मग तिच्या घरी विचारायला गेले! माझी ही अशीच रीत.
नवनीतभाऊ लगेच तयार. अडल्या त्या धनुबाई, रुपाची आजी. गावात कुणी गेलं की पहिला निरोप त्यांना जातो. त्या सूर धरतात, मग बाकीच्या बायका रडतात. रुपा त्यांच्याच कुशीत झोपते, सगळं तिथूनच उचललेलं.
"जित्ता माणूसना घरमा असं रडू नही, बाई. चांगलं नही ऱ्हास."
मी म्हणाले, आजी, ही कला आहे. त्या उठून चुलीकडे गेल्या.

९ डिसेंबर
पुन्हा गेले. पेपरात फोटो येईल म्हणाले, जिंकली तर पुढच्या फेरीला नाशिकला जाईल म्हणाले, रुपालाही पुढे केलं. शेवटी म्हातारी वाकली — "घरमा नही. खळामा शिकाडसू."
जिंकले!

१५ डिसेंबर
खळ्यात तालीम. तुरीच्या पेंढ्यांना टेकून धनुबाई बसल्या, समोर रुपा. मी मोबाईलवर सगळं घेतलं, शाळेत सराव करून घ्यायला बरं.
मला वाटायचं गळा काढला की झालं. तर म्हणतात, "नुसता आवाज नको काढू. जो गया त्यानं काय करं ते सांग. कोन्हं वावर निंदं, कोन्हं लेकरू सांभाळं." म्हणजे गेलेल्याचं एकेक काम नाव घेऊन सांगायचं. माणूस कसं जगलं ते त्यात सगळं येतं. पन्नाशी आली, इतक्या मयतींना गेले, पण मला हे माहीतच नव्हतं.
तालीम संपल्यावर दोघींनी चूळ भरली, पाय धुतले, मगच घरात. मसणातून परतल्यासारखं! मला हसू आलं. धनुबाईंनी ते पाहिलं बहुतेक.

२८ डिसेंबर
आता माझं काम. पोरगी रडते छान, पण एका दमात. स्टेजला ते चालत नाही. 'वं माय' म्हटलं की थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे, उजवा हात वर, नजर तिसऱ्या रांगेवर. मग पुढची ओळ. शंभरदा करून घेतलं. आता झोपेतही चुकणार नाही.
धनुबाई म्हणाल्या, "रडताना कोन मोजस?"
आजी, ते तुम्हाला नाही कळायचं — असं म्हणाले मी. असंच म्हणाले.

११ जानेवारी
पहिली!!
खांडबाऱ्याहून सकाळची गाडी. रुपा खिडकीशी, डब्यात आजीने दिलेली कळण्याची भाकर. तिसऱ्यांदा 'वं माय' म्हणून थांबली, तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. एका परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. १६ फेब्रुवारीला नाशिक!
यांना म्हटलं, या पोरीला मी कुठल्या कुठे नेणार बघा. तर हे म्हणाले, "तुला जायचं होतं तिथे?" टोमणे मारल्याशिवाय यांना घास जात नाही. पण खोटं नाही. मला जायचं होतं.

२० जानेवारी
धनुबाई गेल्या. सकाळी चुलीपुढे बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या.

२१ जानेवारी
काल पुढचं लिहिता आलं नाही. आज लिहिते.
अंगणात बायका जमलेल्या, पण सूर धरणार कोण? धरणारीच आडवी होती. तेवढ्यात रुपा आतून आली आणि आजीच्या पायाशी बसली. कुणी सांगितलं नव्हतं. धनुबाईंनी काय काय केलं ते एकेक नाव घेऊन सांगू लागली. कापूस वेचला ती वावरं, बाळंतपणं केली त्या बायका, रुपासाठी राखून ठेवलेली साय. मग "वं माय" — आणि थांबली. एक, दोन, तीन. उजवा हात वर.
मी बसवलेलं सगळं जसंच्या तसं. पोरीच्या अंगात भिनलं होतं, तिला कळतही नव्हतं.
मागून एक बाई पुटपुटली, "नाटक करी ऱ्हायनी पोरगी." दुसरी फसकन हसली. कुणाचा तरी मोबाईल वर झाला. रुपाने तो पाहिला. हात तसाच वर, आणि आवाज बंद. त्यानंतर तिला रडूही आलं नाही. मयत हलली तेव्हा खांबाला टेकून उभी होती. कोरडी.
सख्ख्या आजीसाठी रडली पोरगी, आणि कुणाला खरं वाटलं नाही. हे मी केलं.

२६ जानेवारी
झेंड्याला रुपा आली नाही. नवनीतभाऊ भेटले. "नाशिकले नही जाऊ म्हनस, बाई." दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.
गावात कुजबुज आहे — जित्या माणसापुढे रडायला लावलं, म्हातारीला घेऊन गेलं. त्यावर माझा विश्वास नाही. पण धनुबाईंचा होता. तरी त्या बसल्या खळ्यात, नातीसाठी.

२ फेब्रुवारी
नाशिकचं नाव मागे घेतलं.
एक गोष्ट या वहीतसुद्धा लपवली. तो मोबाईल माझा होता. रुपा थांबली तो थांबा इतका नेमका होता — नाशिकआधी तिला दाखवू, म्हणून हात आपोआप पिशवीत गेला. तिने माझ्याकडेच पाहिलं होतं. लाज वाटते. फार लाज वाटते.
मोबाईलमधलं सगळं पुसलं. मयतीचं, स्पर्धेचं, खळ्यातल्या तालमींचंसुद्धा. पुसलेलं ज्या डब्यात जातं तोही धीरजकडून रिकामा करून घेतला. "मम्मी, मग परत मिळणार नाही हं," म्हणाला. म्हटलं, नकोच आहे. ते करून जरा हलकं वाटलं.

५ फेब्रुवारी
रुपा आली होती. एकटीच. दारात उभी राहिली.
"बाई, खळामधला व्हिडिओ तुमनाकडे शे ना? मले आजीना आवाज ऐकना शे. घरमा तिना नुसता फोटो शे."
मोबाईल चार्जिंगला लावलाय म्हणाले. उद्या ये म्हणाले. तो माझ्या हातातच होता.