मांजर्लीच्या आईने कात टाकली, डॉक्टर!

प्रिय डॉक्टरसाहेब,

गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे पाण्यावर रांगोळी. पण या आठवड्यात मांजर्लीला जे पाहिलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना. शेवटी आमची घरची म्हणाली, "आधी त्या डॉक्टरला कळवा, मग जेवा. ताट दोनदा गरम करणार नाही मी."

तर ऐका. मांजर्लीच्या आईने कात टाकली! नदीच्या पुराचं पाणी ओसरलं आणि देवी म्हणून पुजलेल्या त्या दगडावर पिढ्यान्‌पिढ्या चढलेला शेंदराचा थर तडकून गळून पडला, उकडलेल्या अंड्याचं टरफल निघावं तसा. ज्या दिवसासाठी तुम्ही बडीशेप चघळत त्या पिंपळाखाली बसायचात, तो आला आणि तुम्हीच नाही. असं वागतात का हो?

आपली पहिली भेट आठवते? सिंधी निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या तुमच्या दवाखान्यात मी खोकत आलो होतो. छातीला नळी लावून तुम्ही विचारलंत, "गावच्या वेशीवर जुना दगड आहे का? काय कोरलंय त्याच्यावर?" मी म्हटलं, "डॉक्टर, खोकला मला झालाय, दगडाला नाही." तुम्ही इतके हसलात की बाहेरचे पेशंट आत डोकावले.

पुढे चालता दवाखाना भाच्याच्या हवाली केलात. लोक म्हणायचे, सिंधी डॉक्टर सटकला, आता दगडांच्या नाड्या बघतो. उतारवयात पोरासोरांच्या बाकावर बसून संस्कृत शिकलात, जुनी लिपी शिकलात, आणि कारखान्यातून सुटलेल्या माझ्यासारख्या सातवी पास माणसाच्या हातात दगडावरच्या अक्षरांचा ठसा घ्यायचा ब्रश दिलात. मी एकदा विचारलंच, "हे कशापायी?" तुम्ही म्हणालात, "साईं, लहानपणी आमची जमीन सुटली, या जमिनीने पदरात घेतलं. जिने घेतलं तिचं नाव-गाव तरी विचारायला नको?"

त्या मांजर्लीच्या दगडाला मात्र तुम्ही कधी नख लावलं नाहीत. कॉलेजची मुलं शेंदूर खरवडायला निघाली तेव्हा केवढे चिडलात! "पेशंटच्या घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय पट्टी काढतोस?" घरचे म्हणजे बायो. वर्षानुवर्षं ती म्हातारी आईला तेल-शेंदूर लावते. तिने नाही म्हटलं, तुम्ही मान डोलावलीत आणि लेखात लिहून टाकलंत, "बहुधा वीरगळ". लढाईत पडलेल्या वीराचा दगड.

मला चिडवायचात, "गंगाराम, तू जयभीमवाला. तुला वाटतंय आत बुद्ध निघेल." "आणि तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणे, "मला जे निघेल ते!"

मग घ्या, काय निघालं ते. वर सूर्य-चंद्र. मधे ओळी, डॉक्टर, चक्क अक्षरं! आणि खाली? वीर नाही, घोडा नाही, तलवार नाही. खाली गाढव आणि बाई. गधेगाळ! राजाने दान दिलेली जमीन कोणी हिरावली, तर त्याच्या आईची अब्रू गाढव घेईल, अशी कोरीव शिवी. तुम्हीच मला असा दगड फोटोत दाखवला होता आणि तेव्हा माझे कान तापले होते.

अक्षरांचा ठसा घ्यायचा तर बायोची परवानगी हवी, आणि ती तिला फसवून कशी घ्यायची? खरं सांगावं तर म्हातारीचा देव मोडतो. तुम्ही पेशंटला वाईट बातमी कशी सांगायचात हो? खुर्ची जवळ ओढून, एवढंच आठवलं. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो.

बायोने स्वतःचं लुगडं दगडाला गुंडाळलं होतं. म्हणाली, "आय उघडी हाय. पयलं सांग, तुजा डॉक्टर काय बोलायचा?"

"डॉक्टर चुकला, बायो," म्हटलं, आणि सगळं सांगितलं. गाढवासकट.

तिचा मुलगा बाळू मागेच उभा होता, तो भडकला. "म्हणजे इतकी वर्षं आपण शिवीला नारळ फोडले? लोक तोंडात शेण घालतील! टाकून द्या नदीत!"

बायोने लुगड्याचा पदर नीट खोचला, आपला नव्हे, दगडाचा.

"बाळ्या, जमीन खानाऱ्याला शिवी घालतंय ना ती? मंग आयच हाय. आपली भातखाचरं जाऊन वर बिल्डिंगी झाल्या, तवा मी काय आरत्या ओवाळल्या व्हत्या?" आणि माझ्याकडे वळून, "मार तुजा कागद. पन शनवारी नवा शेंदूर लागल. त्याच्या आदी आटप."

डॉक्टर, तुम्ही शिकवलंत तसाच ओला कागद बसवला, तुमच्याच ब्रशने ठोकला, मग शाईची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवली. खालची ओळ झिजलेली आहे. वरच्या ओळीतला 'श्री' मी ओळखला, आणि त्यानंतर माझी गाडी अडली. दान कुणी दिलं? कुणाला? बायोची ती भातखाचरं आणि ही दानाची जमीन एकच असेल का? आणि एक विचारतो, रागावू नका. तुमच्या त्या सुटलेल्या जमिनीच्या बांधावर असा एखादा दगड होता का हो?

शनिवारी शेंदूर लागला. आई पुन्हा झाकली. मीही एक बोट लावलं, माझ्या घरी सांगू नका.

आता माझा शब्द. ठसा घेऊन मी जाणत्या माणसाकडे जाणार, अक्षर न् अक्षर वाचून घेणार. 'वीरगळ' चुकलं हेही छापून आणणार. तुम्हीच पहिली टाळी वाजवली असती. पण त्याआधी दगडावरचं सगळं पिंपळाखाली बसून बायोला वाचून दाखवीन. रिपोर्ट आधी घरच्यांच्या हातात, हा तुमचाच नियम ना?

तुमचा खोकलेवाला पेशंट,
गंगाराम
बुवापाडा, अंबरनाथ