साठ कच्च्या नोंदी

३ मार्च, सोमवार

लायसन्स गेलं! सकाळी संगणक लावला तर पडद्यावर पाटी — मुदत संपली. बावीस वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर लोकांच्या घामाच्या आणि ठोक्यांच्या लहरी साफ केल्या, ते कुलूपबंद. हेडक्लार्ककडे गेलो. म्हणाले, "मानसशास्त्र विभागाला यंदा काही नाही. फुकटचं मिळतं का बघा की."

फुकटचं! धर्माची गाय, दात का गं नाय. विचारायची सोयच नाही.

आणि वेळ बघा. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, बाई, महिनाअखेर निवृत्त होणार. एकवीस तारखेला त्यांचं निरोपाचं व्याख्यान. त्यांचा तो प्रसिद्ध आलेख भिंतभर मोठा करून हवाय. "तुमच्याच हातचा हवा," म्हणाल्या. मग कोणाच्या हातचा असणार?

४ मार्च, मंगळवार

खारूताईनं फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं. खारूताई म्हणजे आमची नवी संशोधक — वय तीस, पदरी तीन वर्षांची मुलगी, आणि जिना कधी चालत चढलेली मी पाहिली नाही. म्हणाली, "काका, जगभरचे लोक मिळून बनवतात हे. आतलं सगळं उघडं असतं. कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं."

म्हटलं, ज्याचं घर सगळ्यांना उघडं, तिथं केर काढतं कोण?

हसली.

७ मार्च, शुक्रवार

या सॉफ्टवेअरशी माझं पटत नाही. जुन्यात कसं — लहर पडद्यावर आली, नको तो तुकडा माउसनं धरला, काढून टाकला. झालं. इथं हाताला काम नाही. काय काढायचं त्याचा नियम आधी लिहून द्यायचा. मग तो नियम साठही जणांना सारखा. वर प्रत्येक काढलेल्या तुकड्याची नोंद ठेवतं, मुनीमच जसा!

यंत्राला काय कळतं बोट हललं की मन हललं? ते मला कळतं. बाई नव्या मुलांना सांगायच्या, "यांचे डोळे म्हणजे आपल्या प्रयोगशाळेची चाळणी." कौतुक आवडतं मला, खोटं कशाला बोलू? इथं कोण वाचतंय.

१० मार्च, सोमवार

स्टीलच्या कपाटातून सीड्या काढल्या. बारा वर्षांपूर्वीच्या साठ कच्च्या नोंदी, साफ करण्याआधीच्या. एकही खराब नाही. सवय असते एकेकाला.

तो प्रयोग मला अजून तोंडपाठ आहे. माणूस खुर्चीत बसवायचा, दोन बोटांना पट्ट्या चिकटवायच्या, शांत होऊ द्यायचा, आणि मग एकदम मोठा आवाज! हाताला घाम सुटतो. माणसाला कळतही नाही इतका थोडा, पण यंत्राला कळतो. लहर चढते, मग उतरते. तीस जणांना सहा आठवडे श्वासाचा सराव दिला होता, तिसांना काहीच नाही. श्वासवाल्यांची लहर झपाट्यानं उतरली. हाच बाईंचा शोध. त्यावर लेख झाला, मग पुस्तक झालं. शिक्षकांच्या, परिचारिकांच्या शिबिरांतून तो सराव शिकवतात अजून. पुस्तकात सुरुवातीला माझे आभार आहेत, दीड ओळ.

नियम लिहिला. खारूताईनं तीनदा तपासला. उद्या चालवतो.

११ मार्च, मंगळवार

आलेख आला. दोन रेषा. एकीवर एक.

फुकटच्या सॉफ्टवेअरचं हे असं! म्हटलंच होतं.

पुन्हा चालवला. तेच. नियम थोडा सैल केला, थोडा आवळला. तेच. श्वासवाले आणि बाकीचे सारख्याच वेळात उतरतात.

ते बनवणाऱ्यांची एक चर्चेची जागा आहे, तिथं चांगलं खरमरीत पत्र टाकलं खारूताईकडून. तुमच्या गणितात खोट आहे, बावीस वर्षांचा अनुभव आहे माझा, वगैरे. तासाभरात उत्तर! कुठला कोण माणूस, ना ओळख ना पाळख. अगदी सभ्यपणे लिहिलं होतं: गणित तपासलं, बरोबर वाटतं. जुन्या पद्धतीत प्रत्येक गटातून किती तुकडे काढले होते, ते मोजून बघाल का?

माझं काम मला शिकवतो! रागानं डबाही धड खाल्ला नाही.

१२ मार्च, बुधवार

मोजले.

जुन्या साफ फायली कच्च्या नोंदींशेजारी लावल्या की काय गायब आहे ते सरळ दिसतं. बाकीच्या तिसांतून मी एकसष्ट तुकडे काढले होते. श्वासवाल्यांतून दोनशे चौदा.

नाचता येईना अंगण वाकडं. काल मी अंगणालाच शिव्या घालत होतो.

एकेक उघडून बघितला. लहर उतरताना मध्येच एक उंचवटा येतो कधीकधी. श्वासवाल्यांत आला की मी धरायचो — बोट हललं असणार, काढा. बाकीच्यांत अगदी तसाच आला की — घाबरलाय बिचारा, राहू दे. अगदी तसाच! शेजारीशेजारी ठेवले तर मलाही सांगता येत नाही कुठला कुणाचा. मग तेव्हा कसा सांगत होतो?

तर फायलीच्या नावात पहिलं अक्षर गटाचं होतं. 'श्व' म्हणजे श्वासवाले. शोधायला सोपं जावं म्हणून. ही शक्कल माझीच. बाईंनी तेव्हा शाबासकी दिली होती.

१३ मार्च, गुरुवार

खारूताईला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती खुर्चीत बसली. ती बसली म्हणजे गंभीरच आहे.

"काका, तुमचे डोळे वाईट नाहीत. त्यांना नाव वाचता येत होतं एवढंच," म्हणाली. मग म्हणाली, नावं झाकून, क्रम विस्कटून साठही नोंदी तुम्हीच पुन्हा हातानं साफ करा. हे सॉफ्टवेअर नावं झाकून देतं. कुठली कुणाची, ते शेवटीच उघडायचं.

दिवसभर तेच केलं. मान धरली. पण खरं सांगतो, इतकं मन लावून पूर्वी कधी केलं नव्हतं. पूर्वी शोध कुठला निघणार ते माहीत असायचं.

१४ मार्च, शुक्रवार

नावं उघडली. श्वासवाल्यांतून एकशे अठरा तुकडे, बाकीच्यांतून एकशे एकवीस. रेषा एकीवर एक.

म्हणजे बाईंचा शोध श्वासाचा नव्हता. माझ्या बोटाचा होता.

खारूताई म्हणाली, "बाईंना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण जुना आलेख मोठा करायला मी हात लावणार नाही." बोलली ते बरोबरच. तरी राग आला. कानामागून आली आणि तिखट झाली.

१५ मार्च, शनिवार

घरीच होतो. ही मटार सोलत होती, मी समोर बसून सोललेले परत टोपलीत टाकत होतो. दोनदा बघितलं तिनं. तिसऱ्यांदा टोपलीच उचलून घेतली. "काय झालंय?"

सगळं सांगितलं. तिला लहरींतलं काही कळत नाही, कधी कळून घ्यायचंही नव्हतं. तिनं एकच विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"नाही गं."

"मग सांगून मोकळे व्हा. मुद्दाम केलं असतं तरी सांगावंच लागलं असतं. फक्त तुम्हाला आणखी आठ दिवस लागले असते."

म्हटलं, बाईंचा बारा वर्षांचा मान आहे त्या आलेखावर. सहा दिवसांवर व्याख्यान. माणसं लांबून येणार आहेत. निवृत्तीच्या तोंडावर त्यांच्या हातात हे ठेवू? चार ओळींचं पत्र लिहून त्या गेल्यावर धाडता येईल. किंवा कुणाला कळणारही नाही — सीड्या माझ्याच कपाटात आहेत.

हे शेवटचं बोललो आणि माझीच मला लाज वाटली. ती मटार सोलत राहिली.

१६ मार्च, रविवार

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. उद्या सांगणार.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं.

बाईंच्या खोलीत खोकी भरायचं काम चाललं होतं. खुर्चीवरही पुस्तकं. उभ्यानंच बोललो. पाठ करून गेलो होतो, त्यातलं अर्धं विसरलो. दोन्ही आलेख पुढं ठेवले. म्हटलं, नोकरीची चार वर्षं राहिलीत, पण राजीनामा लिहून आणलाय, खिशात आहे.

बाईंनी दोन्ही आलेख जवळ ओढून बघितले. मला वाटलं होतं, म्हणतील — शक्यच नाही. किंवा विचारतील, हे झालंच कसं? काही नाही. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "किती तुकडे म्हणालात?"

"दोनशे चौदा. आणि एकसष्ट."

"हं."

मग खुर्चीवरची पुस्तकं स्वतः उचलून खाली ठेवली. "बसा आधी. आणि तो कागद फाडून टाका. नावात अक्षर घालायला मी होकार दिला होता ना? नावं झाकून काम व्हायला हवं हे बघणं माझं काम होतं, तुमचं नाही." दोन कप चहा सांगितला. म्हणाल्या, "एकवीस तारखेला नवा आलेख लावा. दोन्ही लावा, शेजारीशेजारी."

इतकी मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाही. मी तिच्या जागी असतो तर कप फेकून मारला असता.

१९ मार्च, बुधवार

दोन्ही आलेख छापून आले. सरळ लावले. पातळी लावून बघितली!

२१ मार्च, शुक्रवार

सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत सगळे जुने विद्यार्थी, काहींची आता टक्कलं झालीत. बाईंनी नेहमीसारखं सुरू केलं — ते खुर्चीचं, पट्ट्यांचं, आवाजाचं. लोक हसले नेहमीच्या जागी. मग म्हणाल्या, "हा आलेख तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तो चुकीचा आहे. हा शेजारचा खरा."

पुढं अर्धा तास त्यांनी फक्त चूक कशी झाली ते सांगितलं. माझं नाव एकदाच घेतलं — "ज्यांनी चूक शोधली ते मागच्या रांगेत बसलेत." केली कुणी ते "आमच्या प्रयोगशाळेनं" एवढंच. ज्या मासिकात लेख आला होता त्यांना पत्र गेलंय म्हणाल्या, आणि साठही नोंदी सगळ्या जगाला उघड्या ठेवणार, फुकट, ज्याला पुन्हा तपासायचंय त्याच्यासाठी.

एक जुना विद्यार्थी उठून तावातावानं म्हणाला, "बाई, मी दहा वर्षं लोकांना हा सराव शिकवतोय!" बाई म्हणाल्या, "शिकवा की. श्वास घेणं वाईट नाही. फक्त माझं नाव सांगून शिकवू नका."

हसले सगळे. मीच रडत होतो. खारूताईनं रुमाल दिला, तिच्या लेकीचा, सशाचं चित्र असलेला.

२४ मार्च, सोमवार

नोंदी वर चढवायची तयारी. प्रत्येक फाईलला आता नुसता आकडा. चर्चेच्या जागी त्या अनोळखी माणसाला पत्र लिहिलं — तुमचं बरोबर होतं. या वेळी खारूताईला न विचारता, स्वतः. त्यानं उत्तरात एक हसरा चेहरा पाठवला आणि म्हणाला, तुमचा नियम चांगला आहे, आमच्याबरोबर ठेवू का सगळ्यांसाठी?

छप्पन्नाव्या वर्षी!

२७ मार्च, गुरुवार

काल बाईंनी त्यांची स्वतःची डिस्क हातात दिली. "यातलं त्या प्रयोगाचं जे असेल ते सगळं वर घाला. काही वगळू नका." आणि वळून खोकी बांधायला लागल्या.

आज उघडली. एक फोल्डर अकरा वर्षांपूर्वीचं आहे. पुस्तक यायच्या आधीच्या वर्षातलं. आत माझ्याच सीड्यांवरच्या साठ कच्च्या नोंदी. एक आलेख — रेषा एकीवर एक. आणि बाईंनी टाइप केलेलं: "दोनशे चौदा, एकसष्ट. त्यांना सांगितलं तर नोकरी सोडतील. पुस्तक छापून होऊ दे, मग बघू."

राग आला. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम.

सगळं घाला म्हणाल्या होत्या. घातलं.