गोल पटावरचं पाणी

८ डिसेंबर १९३५
गोदा शेवटची आली. मोटारी चार, चौथी तिची. किसनलालांनी आपल्या कापसाच्या जिनामागच्या पडीक रानात मोटारींच्या शर्यतीला गोल पट आखलाय. बैलांच्या शर्यतीवरून लोक त्याला मोटारींचा शंकरपट म्हणतात. धुळीत पुढचं दिसत नाही, मागच्याला तर मुळीच नाही. माझी भाची मोटारीतून उतरली तेव्हा डोळे तेवढे तिचे होते, बाकी सगळी माती.
पट संपताच तिच्या वडिलांनी, दाजींनी, मोटार चालू करायचं हँडल जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलं. टेंभुर्णीला घरी ते ट्रंकेत, कुलपात असतं. "झाला पोरीचा हट्ट पुरा," म्हणाले. मला तसं दिसलं नाही.
पंच मी. किसनलाल चारचौघांत म्हणाले, "वकीलसाब पोरीचे मामा हायेत, पर माणूस सरळ." नात्यातला माणूस पंच का नेमतात? हरलेल्या मुलीच्या मामाला सरळ म्हणायला काय जातं.

२६ जुलै १९३६
टेंभुर्णीस. आक्काचा दमा वाढलाय. दर आठवड्याला मोटारीतून जाफराबादच्या दवाखान्यात नेतात. अशा दिवसांत त्या रस्त्यानं बैलगाडी जात नाही. मोटार टपापर्यंत चिखलानं माखलेली.
"चालवतं कोण?"
"गडी," दाजी.
गड्याचे पाय कोरडे. गोदाच्या लुगड्याचा काठ काळा, ओला. आक्काला एकटीला गाठून विचारलं. ती म्हणाली, "तुला काय करायचंय? मी बराबर जाऊन येते न्हाई का? कोर्टात ईचार तुझे सवाल."
घरात सगळ्यांना ठाऊक आणि सगळे गप्प. दाजी फसतायत की फसल्यासारखं दाखवतायत, कळत नाही.

६ डिसेंबर १९३६
गोदा तिसरी. किसनलालांचा मुलगा मदन पहिला, हसनाबादचे देशमुख दुसरे. दोघांनी तिला आतल्या बाजूला शिरूच दिलं नाही. ठरवून? पुरावा नाही.
जेवताना दाजींनी तोडूनच टाकलं. "संक्रांतीला पहिली आली तर हँडल तिच्या हातात देतो, परत मागणार न्हाई. न्हाई आली तर मोटार विकतो आन् ज्येष्ठात हिचं लगीन."
गोदा भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "मामा, ऐकलं ना तुम्ही? साक्षीदार हाव."
मी मान हलवली. साक्षीदार आणि पंच एकच माणूस. हे बरं नाही.

३ जानेवारी १९३७
मदन माझ्या घरी आला, पेढे घेऊन. कशाचे, विचारलं तर हसला. ओसरीवर दाजी, देशमुख, गोदा, पटाचं ठरवायला सगळेच आलेले होते. सगळ्यांसमोर म्हणाला, "वकीलसाब, बाईला धूळ सोसत न्हाई. पटावर पाणी मारू का थोडं?"
गोदा म्हणाली, "मारा की."
मी "बघू" म्हणालो. नको म्हणालो नाही, हो म्हणालो नाही. मदनला इतका कळवळा कधीपासून? पेढा खाल्ला नाही. मग वाटलं, पेढ्यावर कसला संशय. तरी नाहीच खाल्ला.

१५ जानेवारी. संक्रांतीचा दुसरा दिवस, कर.
करीला शुभ काम करत नाहीत, म्हणून पटाला दिवस सोयीचा.
मदनची मोटार हँडल मारमारून उठेना. शेवटी चौघांनी उतारावरून ढकलली, तेव्हा चालू झाली. लोक हसले. त्याच वेळी माझं लक्ष बाभळीजवळच्या वळणाकडे गेलं. तेवढंच वळण ओलं होतं. बाकी पट कोरडा ठणठणीत. आपली काळी माती ओली झाली की साबण.
मनात लगेच: मदन. पोरीला घसरवायची युक्ती. निशाण न पाडता पट थांबवायला हवा होता. पण लोक म्हणतील, मामानं भाचीला वाचवलं. निशाण पाडलं.
मदननं वळणावर ब्रेक दाबला. मोटार गरकन फिरून उलट्या तोंडानं उभी. देशमुख बाभळीत. गोदानं ब्रेक लावलाच नाही. मागचा भाग घसरू दिला, हातातलं चाक उलटं धरलं, आणि निघून गेली. प्रत्येक फेरीला तसंच. माझ्यामागून एक म्हातारी म्हणाली, "मोटार नाचिवली गं माय पोरीनं."
पहिली.
मदन चिखलातून चालत आला. "पाणी कुणी मारलं?" चोरच ओरडतो आहे, असं मला वाटलं. चौकशी करतो म्हणालो, निकाल राखून ठेवला. सवयीचे शब्द तोंडून गेले. दाजींनी हँडल माझ्या हातात दिलं. "मंग निकाल लागेस्तोवर तुमच्यापाशी."
गोदानं माझ्याकडे पाहिलं. ती नजर उतरवून घ्यायला शब्द नाहीत.

१६ जानेवारी
मदननं आईची शपथ घेतली. आम्ही वकील शपथेला किती मानतो. तरी खरं वाटलं.
मग दाजी? ती हरावी असं कुणाला वाटत असेल तर त्यांनाच. आडून विचारलं. त्यांनी ओळखलं. "भाऊसाहेब, ती हरावी असं न्हाई वाटत मला. घरी यावी असं वाटतं." दोन्हींत फरक आहे, हे मला त्यांच्याकडून ऐकावं लागलं. शरमलो, पण संशय पुरता गेला नाही.

१८ जानेवारी
पटावर पाणी मारणारा करीम भिस्ती कोर्टाच्या आवारात भेटला. सहज सांगून मोकळा. "आपकी भांजी बोली, साब. बाभूल के पास मारो बोली, बस उत्ताच."
दुपारी मंठ्याच्या अशिलाशी काय बोललो, आठवत नाही.

१९ जानेवारी
गोदा नाकारेल असं वाटलं होतं.
"हाव, मीच सांगितलं. मदनभाऊ तुमच्यासमोर म्हणले न्हाई का, पाणी मारू? तुम्ही कुठं मनाई केल्ती?"
"मग कोणाला सांगितलं का नाहीस?"
"मला दाबायचं ठरवलं तवा त्यांनी सांगितल्तं का?"
"ओल्यात चालवायला शिकलीस कुठं?"
"आईला दवाखान्यात नेऊन नेऊन. पावसाळाभर त्यांच्या मोटारी छपराखाली, माझी चिखलात. दोनदा बैल लावून काढली. तुम्ही पाह्यलं होतं की मामा, जुलैत. मंग ईचारलं का न्हाई?"
मी नियमांचा कागद काढला.
नियमात पाण्याबद्दल अक्षर नाही. पण लपवलं, हेही खरं. आणि ती घसरली असती तर मी पट रद्द केला असता, हे त्याहून खरं. तिला अपाय व्हावा म्हणून मारलेलं पाणी मला अन्याय वाटत होतं. तेच तिनं मारलं म्हटल्यावर काय वाटतं?
आणखी एक. मदनवर संशय घेतला, दाजींवर घेतला, पेढ्यावरसुद्धा घेतला. तिच्यावर घेतला नाही. त्याला मी विश्वास म्हणत होतो. तिला इतकं जमेल असं वाटलंच नव्हतं, एवढंच असेल.

२० जानेवारी
आज निकाल. दहाला सगळे इथेच यायचे आहेत. पहिली म्हणावं तर मदन म्हणेल, मामानं झाकलं. रद्द म्हणावं तर ज्येष्ठ.
हँडल टेबलावर, खटल्यांच्या मिसलींच्या गठ्ठ्यावर.
सकाळीच बाहेर बैलांची घुंगरं वाजली. गोदा मोटार बैल जुंपून ओढून घेऊन आली. हँडल माझ्याकडे, दुसरं काय करणार, असं दाजींना वाटलं असावं. ते ओसरीवर टेकले, चहा मागितला.
मी खिडकीतून पाहतोय. मोटार तिनं दारात लावली नाही. वर, मारुतीपाशी उभी केली, जिथून आमच्या गल्लीचा उतार सुरू होतो. बैल सोडून दिलेत. पुढच्या चाकाखाली एक दगड, बस्स.
म्हणजे दगड काढला की मोटार उतारानं चालू; हँडल तिला आजही लागत नाही. कधीच लागत नव्हतं का? टेंभुर्णीच्या घरालाही उतार आहे.
दाजी पाठ करून बसलेत. गोदा मोटारीत बसून माझ्या दाराकडे बघते आहे. मनात आणलं तर केव्हाच गेली असती. गेलेली नाही.
मदन आला. देशमुख आले. चपला काढतायत.
हँडल पुसून घेतलं. बाहेर जातो, आधी वर मारुतीपाशी.